कोरल जगतंय हो, पण त्याला पोरं होतात का?

दिवाळीनंतर आमच्यातले सात जण मालवणला जाऊन आले. खान्देशातल्या माणसानं एकदा तरी तारकर्लीला जायचं, स्कुबा करायचं आणि पाण्याखाली अंगठा वर केल्याचा व्हिडिओ घेऊन यायचा, असा आता नियमच होऊन बसलाय (पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या' असा अर्थ होतो, पण ते असो). आल्यावर यावलजवळ एकाच्या मळ्यात वरणबट्टीचा बेत होता, बट्ट्या शेकल्या जाईपर्यंत तो व्हिडिओ सगळ्यांच्या हातातून फिरला. पाणी म्हणजे दूध कमी पडलेला चहा. मधूनच एखाद्या खडकावर कोरलचा, म्हणजे प्रवाळाचा, पिवळट-तपकिरी गोळा दिसायचा. माझा मावसभाऊ ड्रेजिंगच्या कामावर सुपरवायझर आहे, म्हणजे बंदरासाठी समुद्राचा तळ उपसतात त्या जहाजावर. तो लगेच म्हणाला, बघा भो, एवढ्या गढूळ पाण्यात कोरल मस्त जगतंय आणि हे पर्यावरणवाले आमचं काम बंद पाडायला निघतात. त्यावर आमच्यातले एक सर उसळलेच, गाळाचा एकेक कण कोरलला विष आहे, सगळी बंदरं बंद करा म्हणाले. अर्धा तास तेच. शेवटी मळ्याचे मालक आप्पा वैतागून अहिराणीत ओरडले, "समुद्रनं आपले काय करनं शे, बट्टी थंडी व्हई ऱ्हायनी!"

बट्टी खरंच थंड झाली आणि वादही तिथेच राहिला, पण मला तेव्हापासून एक गोष्ट खटकतेय. दोघंही भांडत होते ते कोरल मेलं की जगलं यावर. पेपरात, टीव्हीवर, बंदराच्या जनसुनावणीत, कुठेही बघा, वाद ह्याच एका खुंटीला बांधलेला असतो. एक बाजू मेलेल्याचे फोटो आणते, दुसरी जिवंतचे. माझं म्हणणं असंय की हा प्रश्नच चुकीचा आहे. गढूळ पाण्यात मोठं झालेलं कोरल पुष्कळदा जगतं, वर्षानुवर्षं जगतं. बिघडतं ते त्याचं वंश पुढे नेणं. आणि ते बिघडलं की डोळ्याला काहीच दिसत नाही, कारण जे जन्मालाच आलं नाही त्याचा फोटो काढणार कसा? म्हणून परवानगी देताना, अटी घालताना, नुकसान मोजताना कोरल मेलं का हे नंतर विचारा, आधी त्याला पोरं होतात का ते विचारा. आणि गाळ किती आला याच्याइतकंच तो कोणत्या रात्री आला हे विचारा.

आपल्याकडे हे समजायला अवघड जायला नको. ज्याने मका लावलाय त्याला मी काय सांगू. चोपड्याकडे आमच्या शेतात एका वर्षी मका असा उभा राहिला होता की बांधावरून जाणारा थांबून बघायचा, डोक्याच्या वर गेलेला, पानं काळीभोर हिरवी. तुरा आला, कणसाला केस फुटले आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊस बसला तो उघडेचना. परागकण केसांवर पडायच्या ऐवजी धुऊन गेले. झाड मेलं का? एकही नाही. कणीस सोललं तर तीन-चार ओळी दाणे आणि बाकी बोडकं, टोकाला तर नुसतं पांढरं बुरकूल. त्या दिवशी बांधावरून फोटो काढून कोणी म्हणालं असतं की पावसाने मक्याचं काहीच नुकसान नाही, तर माझ्या वडिलांनी त्याला काय उत्तर दिलं असतं ते इथे लिहिता येणार नाही.

कोरलचंही तसंच आहे, फक्त त्याचा फुलोरा आठवडाभर नसतो, काही रात्रींचा असतो. कोरल म्हणजे दगड नाही, झाडही नाही, लहान लहान प्राण्यांची ती वसाहत आहे आणि जागची हलत नाही. नर-मादीला एकमेकांकडे जाता येत नाही म्हटल्यावर बऱ्याच जातींनी एक युक्ती काढलेली आहे, वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री, अंधार पडल्यावर थोड्या वेळाने, सगळ्यांनी एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू यांची गाठोडी पाण्यात सोडायची. ही गाठोडी तेलकट असतात म्हणून वर तरंगत जातात, पृष्ठभागावर फुटतात आणि तिथे एकमेकांत मिसळतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर (रीफ म्हणजे कोरलने समुद्रात बांधलेला खडकांचा पट्टा) १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी हे पहिल्यांदा नीट पाहिलं, तोवर एवढी मोठी गोष्ट माणसाला माहीतच नव्हती. तिथे हे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पौर्णिमांनंतर होतं, म्हणजे आपली कोजागिरी-त्रिपुरी झाली की पुढच्या काही रात्री. सिंगापूरला मार्च-एप्रिलची पौर्णिमा झाली की तिसऱ्या ते पाचव्या रात्री. चैत्राची पौर्णिमा म्हणजे आपल्याकडची माणसं पायी सप्तशृंगीच्या गडावर पोचलेली असतात, आणि गड उतरून घरी येईस्तोवर तिकडे समुद्रात वर्षभराचा कारभार उरकलेला असतो. फलन व्हायला हातात काही तास मिळतात. तेवढ्यात जमलं तर जमलं.

आता त्या तासांत पाणी गढूळ असेल तर काय होतं? इथे मला घरातला माठ आठवतो. पावसाळ्यात नळाला तांबडं पाणी आलं की आई तुरटीचा खडा घेऊन हंड्यात चार-पाच फेरे फिरवायची. थोड्या वेळाने बघा, गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात, पुंजके जड होतात आणि सावकाश तळाला बसतात, वरचं पाणी निवळ. आपल्यासाठी ती चांगली गोष्ट. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात बारीक चिकणमातीचे असेच पुंजके तुरटीशिवायही होतात, आणि कोरलच्या रात्री ते पुंजके शुक्राणूंना स्वतःत अडकवून खाली घेऊन जातात. अंडी वर, शुक्राणू तळाला. अंड्याला काही इजा झालेली नसते, पाण्यात विष नसतं, कोणी मेलेलं नसतं, फक्त भेट होत नाही. प्रयोगशाळेत हे मोजून पाहिलेलं आहे, गाळ वाढवला की फलन घटतं, आणि त्यात शुक्राणू आधीच विरळ असतील तर फारच घटतं. कधी कधी गाळाचे कण त्या गाठोड्यालाच चिकटतात आणि ते वर पोचायच्या आधीच बुडतं. सरांना मी म्हणालो ते हेच, की 'विष' हा शब्द वापरू नका, विष म्हटलं की समोरचा विचारतो मेलेलं दाखव, आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं.

बरं, फलन झालं. पुढे त्यातून अळी तयार होते, खसखशीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान, ती काही दिवस पोहते आणि मग बसायला जागा शोधते. जागा म्हणजे कोणतीही नाही, खडकावर एक गुलाबीसर चुनखडी शेवाळ असतं त्याची तिला ओढ असते. त्या खडकावर मातीचा पातळसा थर जरी बसलेला असला तरी अळी तिथे टेकत नाही. कपाशीची सरकी टाकल्यावर जमिनीवर कडक पापुद्रा आला तर कोंब फुटत नाही, तो बाहेरचा पापुद्रा आणि हा थर, जाडी तेवढीच क्षुल्लक दिसते. गढूळ पाण्यात या अळ्या दगडाच्या वरच्या बाजूला न बसता खालच्या किंवा उभ्या बाजूला बसतात, गाळ चुकवायला. पण कोरलच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि कोरलच्या गरजेचा मोठा हिस्सा तेच पुरवतं. म्हणजे वर बसावं तर गाळ, खाली बसावं तर अंधार. नव्याने बसलेलं पिल्लू एखाद्या मिलिमीटरचं असतं, त्याच्यावर एक चिमूट गाळ पडला तरी तो त्याच्यासाठी दरड कोसळल्यासारखाच.

आणि हे सगळं त्या एका रात्रीनंतरचं. त्याच्या आधीचेही महिने आहेत. अंडी तयार व्हायला कोरलला कित्येक महिने लागतात. अंगावर पडलेला गाळ ते चिकट स्राव सोडून ढकलून देतं, जिवंत आहे म्हणून ढकलतं, पण त्यालाही ताकद लागते, आणि पाणी गढूळ म्हणजे ऊन कमी, ऊन कमी म्हणजे खुराक कमी. खर्च वाढला आणि उत्पन्न घटलं तर घरात सगळ्यात आधी काय पुढे ढकलतात? मुलीचं लग्न. कोरल अंडी कमी करतं.

आता मावसभावाची बाजू. ती हलकी नाही, उलट त्याला स्वतःला माहीत आहे त्याहून जड आहे. कच्छच्या आखातात भरती-ओहोटी इतकी जोरात की पाणी कायमचंच ढवळलेलं, तरी तिथे कोरल आहे आणि त्यासाठी १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान झालंय. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, तिथेही पाणी काही काचेसारखं नसतं. मुंबईत वरळी, हाजी अलीला, जिथे आपण पाय बुडवायला धजणार नाही अशा पाण्यात कोरल निघालं. सिंगापूरला भराव आणि बंदराच्या कामांनी समुद्र असा झाला की १९६० च्या दशकात पाण्याखाली दहाएक मीटर दिसायचं तिथे पुढे दोनेक मीटर दिसायला लागलं, आणि तरीही, हे मी वर सांगितलंच, तिथलं कोरल चैत्रात अंडी सोडतं. एवढंच कशाला, समुद्र तापला की कोरल पांढरं पडतं त्या वेळी थोडा गढूळपणा उन्हापासून सावली देतो, काही ठिकाणी गढूळ पाण्यातलं कोरल त्यामुळे वाचलंय असं दिसतं. हे सगळं खरं आहे, आणि सर ते मान्य करत नाहीत म्हणून हरतात.

पण त्यातून निघतं काय? कच्छमध्ये कोणतं कोरल आहे ते बघा ना. गोळ्यासारखं, जाडजूड, गाळ सोसणाऱ्या जातींचं. फांद्या-फांद्यांचं ॲक्रोपोरा, जे जगभरातल्या रीफची वाढ झपाट्याने करतं, त्याचे कच्छच्या आखातात मेलेले सांगाडे सापडतात, म्हणजे एके काळी ते तिथे होतं. सोसणारे राहिले आणि बाकीचे गेले, आणि आपण राहिलेल्यांकडे बोट दाखवून म्हणतो की सोसतं बघा. सिंगापूरला अंडी सोडतात हे खरं, पण उजेड खोल पोचत नाही म्हणून कोरल वरच्या काही मीटरांतच उरलंय. आणि गोळ्यासारखं कोरल म्हणजे चिवट म्हातारं, दहा-वीस नव्हे, शंभर-दीडशे वर्षंही जगू शकतं. एखाद्या गावाची मतदार यादी बघितली तर गाव भरलेलं दिसतं, दीड हजार नावं, सगळी जिवंत. त्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत जा आणि पहिलीचा पट बघा, चार पोरं. गाव चाललंय की संपलंय, हे कोणत्या कागदावरून कळतं? बंदराचे रिपोर्ट मतदार यादी दाखवतात. पहिलीचा पट, म्हणजे नव्याने बसलेली बारकी कोरलं किती, हे मोजायला पाण्याखाली फरश्या लावून महिनोन्‌महिने वाट बघायला लागते, आणि तेवढी वाट बघायची कोणाची तयारी नसते.

दुसरा मुद्दा असा येतो की हलवून लावलं की झालं. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसऱ्या जागी लावल्या, त्यातल्या बहुतेक जगल्याच्या बातम्या आल्या. काम काळजीपूर्वक झालं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. रीफ वाढवायचा आजचा लोकप्रिय मार्गही हाच आहे, कोरलचे तुकडे करायचे, बांधायचे, वाढवायचे. तुकड्यांतून कोरल वाढतं, गाळाचा आणि अंड्यांचा प्रश्नच मिटला! इथे मात्र रावेर-यावलच्या माणसाने हात वर करून बोललं पाहिजे, कारण हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोय. केळी बीवर येत नाही, कंदावर येते, आता टिश्यूकल्चरच्या रोपांवर. शेतातली दहा हजार खोडं म्हणजे खरं तर एकच झाड दहा हजार वेळा. म्हणून घड सारखे पडतात, म्हणून व्यापाऱ्याला आवडतं, आणि म्हणूनच हरण्या (केळीचा विषाणूजन्य रोग) आला की अख्खा पट्टा बसतो. जगात पूर्वी ग्रो मिशेल नावाची केळी विकली जायची, पनामा मर रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिचा व्यापारच संपवला, तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, आपली जी-९ त्याच घराण्यातली. केळीला तरी तुम्ही-आम्ही आहोत, फवारायला, उपटून टाकायला, नवीन रोपं आणायला. समुद्राला कोण आहे?

ह्यातच तिसऱ्या मुद्द्याचंही उत्तर आहे. लोक म्हणतात की कोरलचा खरा शत्रू तापमान आहे, १९९८ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचं कितीतरी कोरल पांढरं पडून गेलं, तिथे कुठे ड्रेजर होता? बरोबर. समुद्राचं तापमान हाच मोठा घाव आहे, गाळ त्याच्यापुढे लहान. पण घाव बसल्यावर माणूस उठतो कशाच्या जोरावर? मेलेल्या रीफवर पुन्हा कोरल येतं ते बाहेरून आलेल्या अळ्यांनी आणि वाचलेल्यांच्या पोरांनी. दर वर्षी अंडी-शुक्राणू मिसळतात तेव्हा पत्ते पिसले जातात, त्यातूनच एखादं जास्त ताप सोसणारं निपजायची शक्यता असते. तापमान कमी करणं मालवणच्या, जळगावच्या, मुंबईच्या हातात नाही. अंडी सोडायच्या त्या काही रात्री गाळ न ढवळणं हातात आहे. मोठा रोग आपल्या हातात नाही म्हणून लहान इलाज करायचा नाही, असं आपण घरातल्या आजाऱ्याच्या बाबतीत म्हणतो का?

आता आप्पांचा प्रश्न, आपले काय करनं शे. हा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. सरळ सांगतो, आपल्या मातीने कोरल मरत नाही. तापी मुलताईहून निघते, ७२४ किलोमीटर जाते, उकाईच्या धरणात तिचा पुष्कळसा गाळ अडतो, आणि पुढे ती मिळते त्या खंभातच्या आखातात पाणी मुळातच इतकं गढूळ की तिथे कोरल रीफ नाहीच. शिवाय गाळ आपल्याकडे शिवी नाही. तलावातला गाळ शेतात टाकला की पुढची काही वर्षं पीक बोलतं, २०१७ पासून सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' म्हणून योजनाच काढलीये. माती तीच, धरणात अडचण, शेतात सोनं. म्हणजे गाळ चांगला की वाईट हा प्रश्न खान्देशात कोणी विचारतच नाही, कुठे आणि कधी एवढंच विचारतात. समुद्राच्या वादात मात्र हे साधं शहाणपण हरवतं.

आणि नदीचं गाळाशी, गाळाचं समुद्राशी नातं किती लांबचं असतं ते ऑस्ट्रेलियात कोरलनेच लिहून ठेवलंय. बर्डेकिन नावाची मोठी नदी ग्रेट बॅरियर रीफच्या बाजूला समुद्राला मिळते. तिथल्या जुन्या गोळा-कोरलला झाडासारख्या वर्षावर्षाच्या पट्ट्या असतात, आणि नदीच्या गाळाबरोबर येणारं बेरियम नावाचं मूलद्रव्य त्या पट्ट्यांत उतरतं. शास्त्रज्ञांनी गाभा काढून १७५० च्या सुमारापासूनच्या पट्ट्या वाचल्या, २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. १८७० च्या आसपास एकदम फरक. गोऱ्या लोकांनी वरच्या भागात गुरं सोडली, गवत गेलं, जमीन उघडी पडली, आणि पुरातून समुद्रात येणारा गाळ ५ ते १० पट झाला. गुराख्याने समुद्र पाहिलाही नसेल. हे वाचताना मला आपला तोच काळ आठवतो, अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस थांबला, इकडे भाव चढले आणि खान्देशात कपाशी वाढत गेली, त्याच सुमारास भुसावळपर्यंत आगगाडी आली. आपल्याकडच्या पडीक जमिनी मोडल्या त्याची नोंद महसुलाच्या दप्तरात राहिली. त्यांची समुद्राच्या तळाशी राहिली, एवढाच फरक.

(पोवळ्याचं एक राहिलं. अमळनेरला मंगळाच्या देवळात मंगळवारी गर्दी किती असते माहीतच आहे, पत्रिकेत मंगळ असला, लग्न जमत नसलं की बोटात पोवळं घाल म्हणतात. ते लाल पोवळं ह्या रीफच्या कोरलपेक्षा वेगळ्या घराण्यातलं, भूमध्य समुद्रातलं. पण स्वतःचं लग्न जमावं म्हणून कोरल बोटात घालणाऱ्या माणसांनी कोरलचं जमतंय का हे एकदाही विचारू नये, याचं मला हसू येतं.)

मग करायचं काय? सरांचं 'सगळं बंद करा' मला पटत नाही. बंदरं लागणार, आपली केळी आखाती देशांत जाते ती कंटेनरमधून बंदरातूनच जाते. आणि सगळं बंद करा म्हटलं की शेवटी काहीच बंद होत नाही, हा आपला अनुभव. मागायचं ते नेमकं मागा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ६१ दिवस. का, तर माशांचा विणीचा हंगाम. त्यासाठी कोणी म्हणतं का की आधी मेलेले मासे दाखवा? त्याच्याही कितीतरी आधीपासून कोळी लोक नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवायचे. खान्देशात पांझरा, मोसम या नद्यांवर पाणीवाटपाची फड पद्धत तीन-चारशे वर्षं चालली ती काय मोठ्या धरणांवर? नाही, वेळेच्या शिस्तीवर. कोणत्या फडाला पाणी कधी, पाटकऱ्याने सांगितलं ते कायदा, मोठ्या शेतकऱ्याचा फड असला तरी पाळी आल्याशिवाय थेंब नाही. कोरलसाठी असंच मागता येतं आणि ही काही हवेतली गोष्ट नाही, पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासून कोरलच्या अंडी सोडण्याच्या दिवसांत ड्रेजिंग थांबवायची अट घातली जाते. परवानगीच्या कागदात त्या भागातल्या कोरलच्या रात्री लिहा. त्या रात्री आणि पुढचे अळ्या बसायचे दिवस उपसा थांबवा. आधी आणि नंतर तळावर फरश्या लावून नवीन पिल्लं मोजा, आणि तो आकडा मेलेल्या कोरलच्या आकड्याशेजारी छापा.

याच्यावर खरी अडचण अशी की सगळ्या जाती एकाच रात्री सोडत नाहीत, काही वर्षी दोन महिन्यांत विभागून सोडतात, आणि काही जाती तर फलन पोटातच करून तयार अळ्या बाहेर टाकतात, वर्षातून अनेकदा. म्हणजे तेवढ्या रात्री थांबलं की सगळं वाचलं असं नाही. मान्य. शिवाय गाळ त्या रात्री ढवळला नाही तरी आधी टाकलेला तळावर पडलेला असतोच, लाट आली की उठतो, म्हणून थांबायचं ते थोडं आधीपासून. पण अट अपुरी आहे म्हणून ती नकोच, असं म्हणणारा माणूस ती पुरेशी करायला कधी पुढे येत नाही हेही बघून ठेवा. अमेरिकेत मायामी बंदराचं खोलीकरण २०१३ ते २०१५ चाललं. नंतर कोरल मेलेलं दिसलं तर काम करणाऱ्यांचं म्हणणं काय, रोग आलाय, समुद्र तापलाय. रोग आला होता, समुद्र तापलाही होता, खोटं काहीच नव्हतं. पण पुढे संशोधकांनी अंतराचा हिशोब मांडला, उपशाच्या जितकं जवळ तितका गाळ जास्त आणि तितकं कोरल कमी, आणि पाच लाखांच्या वर कोरल ड्रेजिंगपायी गेल्याचा अंदाज २०१९ मध्ये निघाला. काम संपून चार वर्षं झाली होती. आणि तेही मोठी, मोजता येणारी. जी बसायची होती आणि बसलीच नाहीत, ती कोणत्या हिशोबात धरणार?

मागच्या आठवड्यात मावसभाऊ सुट्टीवर आला होता. मी त्याला मक्याचं, तुरटीचं, केळीचं सगळं ऐकवलं, त्याने शांतपणे ऐकलं, त्याचा तो गुण आहे. मग म्हणाला, भाऊ तुझं सगळं बरोबर असेल पण ड्रेजर एक दिवस उभा राहिला तर भाडं किती बसतं माहितीये का, दहा-बारा दिवस कोण थांबवेल? मी विचारलं, पावसाळ्यात किती दिवस थांबता? म्हणाला, तेव्हा समुद्र खवळलेला असतो ना, मशीनला सोसत नाही, जूनमध्ये काढतो ते सप्टेंबर उजाडेपर्यंत उभंच. मग त्या भाड्याचं काय? तो म्हणाला, ते टेंडरमध्ये आधीच धरलेलं असतं.